डहाणू-बोर्डी : आपला जवळचा समुद्र इतका शांत राहिला कसा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलताना मी जे 'अं', 'म्हणजे', 'बघा ना' करते ते बरंचसं काढलंय. थोडं राहिलं असेल तर चालवून घ्या.

मागच्या एका भागात मी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या छोट्या सुट्टीच्या गावांबद्दल बोलले होते. पॅरिसची माणसं शनिवारी ट्रेन पकडतात, समुद्रावर जातात आणि रविवारी रात्री परत येतात. त्यावर एका श्रोत्याने मेसेज केला : "ताई, ते ठीक आहे, पण नाशिकवाल्यांनी काय करायचं? आपल्याकडे गोदावरी आहे, गंगापूर धरण आहे. समुद्र कुठाय?"

तर मंडळी, समुद्र आहे. त्र्यंबकच्या रस्त्याने निघायचं आणि सरळ पश्चिमेला उतरत राहायचं. त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार आणि मग डहाणू. साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, तुम्ही कुठून निघता आणि कुठला फाटा घेता त्यावर अवलंबून. चार तास धरा, घाटात ट्रक अडकला तर पाच. डहाणूहून किनाऱ्याने उत्तरेला गेलं की घोलवड आणि बोर्डी. पुढे लगेच गुजरातची हद्द.

मी पाच वर्षांची असल्यापासून तिथे जातेय. आमची एक ठरलेली वाडी आहे, तिथल्या मावशींकडे आम्ही उतरतो. आणि इतकी वर्षं मला वाटायचं की बोर्डी शांत आहे कारण ती कुणाला माहीतच नाही. हे चुकीचं होतं. बोर्डी शांत आहे कारण काही माणसांनी ती शांत ठेवली. त्यासाठी कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले. आजचा भाग त्याच गोष्टीवर आहे. आणि या गोष्टीत शेवटी आपण नाशिककरही येतो, ते कसं ते सांगते.

आधी समुद्र बघूया

पहिल्यांदा बोर्डीला जाणाऱ्याची एक फजिती ठरलेली असते. दुपारी पोचतो, धावत किनाऱ्यावर जातो आणि समुद्र गायब! समोर नुसती ओली, काळसर, सपाट वाळू. पाणी कुठेतरी लांब, एक चकाकणारी रेघ. माझ्या मैत्रिणीने तर विचारलं होतं, "इथला समुद्र आटलाय का?"

आटलेला नाही, ओहोटी असते. आता हे जरा समजून घेऊ. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज ही वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास ती ओढ एकमेकांना काटकोनात, म्हणून भरती लहान. कोळी लोक तिला भांगाची भरती म्हणतात.

हे सगळ्या किनाऱ्यावर होतं. मग डहाणूत जास्त का दिसतं? कारण वर खंबातचं आखात आहे. ते नरसाळ्यासारखं आहे, तोंड रुंद आणि आत जाताना निमुळतं. पाणी आत शिरताना दाबलं जातं आणि वर चढतं. त्यामुळे तळकोकणातून उत्तरेकडे जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. भावनगरजवळ तर ती दहा मीटरच्या आसपास जाते. डहाणू या वाटेवर मध्येच येतं. त्यात किनारा अगदी सपाट. म्हणजे पाणी थोडं उतरलं तरी आडवं खूप लांब जातं.

एक सूचना इथेच देऊन ठेवते. सपाट किनाऱ्यावर भरती चढते तेव्हा ती समोरूनच येते असं नाही. आधी खोलगट जागा भरतात आणि तुमच्या मागे पाणी होतं. त्यामुळे ओहोटीला चालत लांब जाऊ नका, भरतीची वेळ स्थानिक माणसाला विचारा. मोबाईलमधलं ॲप बघा, पण विचारा पण.

किनाऱ्याला सुरूची झाडं, त्यामागे रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे चिकूच्या वाड्या. उंच टॉवर नाहीत, समुद्र अडवणारं हॉटेल नाही. संध्याकाळी भेळवाला, दोन-चार घोडागाड्या, शाळेची सहल आणि आपण.

चिकू आला कुठून?

चिकू आपल्याला इतका आपला वाटतो, पण त्याचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. त्याच्या झाडाच्या चिकापासून तिकडे चघळायचा डिंक बनवायचे, आणि आधुनिक च्युइंग गम त्यातूनच आलं. कच्चा चिकू खाल्ल्यावर ओठ चिकटतात ना, तोच चीक.

डहाणू-घोलवडला चिकूच्या बागा वाढल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे, आणि त्यात इराणी कुटुंबांचा मोठा हात आहे. इराणी म्हणजे इराणमधून आलेले झरतुष्ट्री. पारशी त्यांच्या कितीतरी शतकं आधी आलेले, हे नंतर आले. मुंबईत यांची कॅफे झाली आणि डहाणूत यांच्या वाड्या झाल्या. पारशांचं तर या भागाशी नातं आणखी जुनं आहे. बोर्डीजवळ बाहरोटचा डोंगर आहे. संजाणवर हल्ला झाला तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, या डोंगरातल्या गुहांमध्ये लपवून ठेवला होता. तो अग्नी आता इथून थोडं वर गुजरातमध्ये उदवाड्याला आहे.

'डहाणू घोलवड चिकू'ला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. जीआय म्हणजे काय, तर या नावाने माल विकायचा असेल तर तो याच भागातला पाहिजे. जसं नाशिकच्या द्राक्षांना आहे तसंच.

आणि वाडीत काम कोण करतं? या तालुक्यात बहुसंख्य आदिवासी आहेत. वारली आहेत, इतरही आहेत. झाडावरून चिकू काढायचं, धुवायचं, निवडायचं काम मोठ्या प्रमाणात तेच करतात. वारली चित्रकला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी जो उठाव केला, गोदावरी परुळेकर ज्यात होत्या, तोही याच पट्ट्यातला. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज गावोगावी जी अंगणवाडी दिसते, त्या विचाराची एक मुळी इथे आहे.

हे सगळं का सांगतेय? कारण 'छोटं शांत बीच टाऊन' असं रील बघितलं की वाटतं, इथे वाळू आणि चिकू मिल्कशेक सोडून काही नाही. तसं नाही. इथे राहणाऱ्या लोकांकडे वाचवण्यासारखं बरंच काही होतं.

मग १९९१ साली काय झालं?

थोडं फ्रान्सकडे जाऊन येऊ. तिकडे दोविल नावाचं गाव आहे. पॅरिसपासून साधारण दोनशे किलोमीटर. १८६० च्या आसपास तिथे दलदल आणि वाळू होती. सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ, ड्यूक द मॉर्नी, याने तिथे आखून गाव वसवलं, आणि १८६३ मध्ये पॅरिसहून रेल्वे आली. झालं, गाव धावलं! पुढच्या शंभर वर्षांत फ्रान्सच्या किनाऱ्यावर इतकी बांधकामं झाली की सरकारलाच काळजी वाटायला लागली. मग १९७५ मध्ये त्यांनी किनाऱ्याच्या जमिनी विकत घेऊन मोकळ्या ठेवणारी एक सरकारी संस्था काढली. आणि १९८६ मध्ये कायदा केला : वस्तीबाहेरच्या किनाऱ्यावर पाण्यापासून शंभर मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नाही.

म्हणजे तिकडची जी गावं आज फोटोत सुंदर दिसतात, तीही आपोआप तशी राहिलेली नाहीत.

आता आपल्याकडे या. १९९१ हे वर्ष लक्षात ठेवा. फेब्रुवारीत केंद्राने सीआरझेडचं नोटिफिकेशन काढलं, ज्यात भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या पट्ट्यावर बंधनं आली. हे सगळ्या देशाला. आणि २० जून १९९१ ला फक्त डहाणू तालुक्यासाठी वेगळं नोटिफिकेशन निघालं. संपूर्ण तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला. उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी अशी वर्गवारी केली. लाल म्हणजे जास्त प्रदूषण करणारे, त्यांना बंदी. सगळ्या तालुक्यात मिळून उद्योगांसाठी जास्तीत जास्त पाचशे एकर जमीन. आणि तालुक्याच्या हद्दीबाहेर पंचवीस किलोमीटरचा बफर पट्टा.

एका अख्ख्या तालुक्याला असं संरक्षण मिळण्याचं कारण काय? तर तेव्हा डहाणूच्या खाडीजवळ कोळशावर चालणारं वीजकेंद्र येत होतं. त्याला आधीच मंजुरी मिळालेली होती. लोक कोर्टात गेले होते, पण वीजकेंद्र थांबलं नाही. १९९५ मध्ये ते पाचशे मेगावॉटचं केंद्र सुरूही झालं. त्या लढ्यातून जे मिळालं ते हे नोटिफिकेशन : एक आलं ते आलं, पण त्याच्या मागे रांग लागू देणार नाही.

पण मंडळी, आपल्याला माहितीये, कागद निघणं वेगळं आणि तो पाळला जाणं वेगळं. म्हणून १९९४ मध्ये 'सँक्च्युरी' मासिकाचे संपादक बिट्टू सहगल सुप्रीम कोर्टात गेले. स्थानिक लोक होतेच. नर्गिस इराणी यांचं नाव या लढ्यात कायम घेतलं जातं. ३१ ऑक्टोबर १९९६ ला कोर्टाने निकाल दिला : या नोटिफिकेशनची अंमलबजावणी बघायला हायकोर्टाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमा. त्यातून डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण तयार झालं. अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. गांधीवादी घरातले, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत म्हणजे बावीस वर्षं ते या पदावर होते.

एका चिमणीची गोष्ट

प्राधिकरण म्हणजे नेमकं काय करतं, याचं एक उदाहरण देते.

कोळशात गंधक असतं. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. हवेतल्या ओलाव्याशी मिसळला की आम्लासारखा वागतो. पानांवर, मोहरावर बसतो. बागायतदारांना भीती होती ती याची आणि राखेची. यावर उपाय आहे : धूर चिमणीतून सोडण्याआधी धुवायचा. डहाणूत समुद्राचं पाणी हाताशी आहे, आणि ते मुळात थोडं अल्कधर्मी असतं. त्यातून धूर नेला की गंधकाचा बराचसा भाग पाण्यात उतरतो. या यंत्रणेला एफजीडी म्हणतात.

प्राधिकरणाने १९९९ मध्ये सांगितलं, हे यंत्र बसवा. बसलं कधी? २००७ मध्ये. आठ वर्षं! पण बसलं. आणि तेव्हा देशातल्या फार थोड्या वीजकेंद्रांत ते होतं. आज इतर ठिकाणी एफजीडी बसवायचं की नाही यावर वाद चालू आहेत, आणि डहाणूत ते केव्हाच झालंय. का? कारण मागे लागणारं कुणीतरी होतं, आणि त्याच्याकडे अधिकार होता.

मी हे वाडीतल्या मावशींना विचारलं होतं, की खरंच फरक पडला का? त्या म्हणाल्या, "फरक काय ते झाडाला विचार. मला एवढंच माहीत आहे, की आमचं ऐकायला एक जागा होती. तारीख मिळायची, जाऊन बोलता यायचं."

माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलंय. तारीख मिळायची, जाऊन बोलता यायचं.

आता वाढवण

आता या गोष्टीचा सध्याचा भाग.

डहाणूच्या दक्षिणेला, चिंचणी-वरोरच्या शेजारी वाढवण नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. खडकाळ किनारा. त्याच्या समोर समुद्र पटकन खोल होतो, वीस मीटरच्या आसपास. बंदर बांधणाऱ्यांच्या दृष्टीने ही सोन्यासारखी जागा. कारण आजची सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं खूप खोल बुडतात, आणि आपल्या न्हावाशेव्याला, म्हणजे जेएनपीएला, इतकी खोली नाही.

नव्वदच्या दशकातच एका परदेशी कंपनीला घेऊन इथे बंदर करायचं ठरलं होतं. १९९८ मध्ये प्राधिकरणाने सांगितलं, १९९१ च्या नोटिफिकेशनमध्ये हे बसत नाही. प्रकल्प बारगळला.

मग तो परत आला. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली. यात एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे : बंदर हा 'उद्योग' आहे की नाही? असेल तर तो वर्गवारीत येतो आणि अडतो. २०२० मध्ये केंद्राच्या पातळीवर भूमिका अशी घेतली गेली की बंदराला उद्योगांच्या त्या यादीत धरायचं नाही. बघा, समुद्र तोच, गाव तेच, पण एका शब्दाचा अर्थ बदलला की दार उघडतं. ३१ जुलै २०२३ ला प्राधिकरणाने, आता नव्या अध्यक्षांच्या हाताखाली, अटी घालून ना-हरकत दिली. त्याला आव्हान दिलं गेलं, एप्रिल २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, विषय सुप्रीम कोर्टात गेला. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींहून जास्त खर्चाच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. जेएनपीएचा वाटा ७४ टक्के, उरलेला महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा.

प्रकल्प केवढा आहे? समुद्रात भराव टाकून १,४४८ हेक्टर जमीन तयार करणार. नऊ कंटेनर टर्मिनल, प्रत्येक हजार मीटर लांब. लाटा अडवायला दहा किलोमीटरच्या आसपास बांध. सरकारचं म्हणणं, बारा लाख लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार मिळेल, आणि आपला माल कोलंबो-सिंगापूरला जहाज बदलत बसणार नाही, इथूनच थेट जाईल.

मच्छीमारांचं म्हणणं काय? हा पट्टा ते मासळीचा 'गोल्डन बेल्ट' मानतात. घोळ, दाढा, पापलेट, बोंबील. खडकाच्या कपारींत मासे वाढतात, तिथेच भराव पडणार. दुसरी गोष्ट, किनाऱ्यालगत वाळू आणि गाळ सतत प्रवाहाबरोबर सरकत असतो. मध्ये एवढी मोठी रचना उभी राहिली की कुठे गाळ साचतो, कुठे किनारा खचतो. नेमकं कुठे आणि किती, यावर अभ्यास झालेत, आणि त्या अभ्यासांवर विश्वास किती ठेवायचा यावरच भांडण आहे. वाढवण बंदर विरोधी संघर्ष समिती आणि मच्छीमारांच्या संघटना वर्षानुवर्षं रस्त्यावर आहेत.

आणि नाशिक?

आता ते जे सुरुवातीला म्हटलं होतं, की आपण या गोष्टीत येतो.

माझ्या काकांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. एक्स्पोर्टची. जानेवारी ते एप्रिल आमच्या घरात दुसरा विषय नसतो. द्राक्ष तोडलं की ते थंड करायचं, पॅक करायचं, रेफ्रिजरेटेड कंटेनरमध्ये भरायचं, आणि कसारा घाट उतरून न्हावाशेव्याला पाठवायचं. तिथे ट्रॅफिक, रांग. जहाज चुकलं तर माल आठवडाभर बसतो, आणि द्राक्ष काही थांबत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य सरकारने वाढवणपासून आपल्या इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत, समृद्धी महामार्गाला जोडणारा साधारण १०५ किलोमीटरचा रस्ता मंजूर केला. म्हणजे बंदर झालं की काकांचा कंटेनर घाटात मुंबईच्या गर्दीकडे जायच्या ऐवजी सरळ पश्चिमेला उतरेल.

मी काकांना म्हटलं, "काका, पण बोर्डीचं काय? तुम्हीच आम्हाला पहिल्यांदा घेऊन गेला होतात."

ते म्हणाले, "अगं, बोर्डीला आपण वर्षातून दोन दिवस जातो. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो."

आणि मला उत्तर देता आलं नाही. कारण ते खोटं बोलत नव्हते.

त्यानंतर मी मागच्या हिवाळ्यात परत गेले. या वेळी चिंचणी-वरोरकडेही गेले. घरांवर, भिंतींवर बंदराविरुद्धच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. एक मावशी मासे उलटेपालटे करत होत्या. त्यांना मी सांगितलं, मी नाशिकची. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमची द्राक्षं जायला आमचा समुद्र पाहिजे होय?" रागाने नाही म्हणाल्या. पण मला खाली बघावंसं वाटलं.

मी त्यांना विचारलं, नुकसानभरपाई मिळाली तर? त्या म्हणाल्या, "जमिनीचा सातबारा असतो पोरी. समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? मग भरपाई कुणाला देणार, किती देणार?"

हा प्रश्न भावनेचा नाहीये, हिशोबाचा आहे. काकांची एक एकर बाग रस्त्यात गेली तर मोजता येते. झाडं किती, उत्पन्न किती, भाव किती. मच्छीमार ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जातो ते त्याच्या नावावर नसतं. बोंबील वाळवणाऱ्या, टोपलीत घेऊन विकणाऱ्या बाईचं तर नाव होडीच्या कागदावरसुद्धा नसतं. त्यामुळे प्रकल्पाचा फायदा मोजणं सोपं, तो कोटींत येतो. तोटा मोजणं अवघड, म्हणून तो कमी दिसतो.

मग मला काय वाटतं?

तुम्ही कमेंटमध्ये विचारणारच, "ताई, तू बंदराच्या बाजूने की विरोधात?" सरळ सांगते. काकांच्या कंटेनरला चांगलं बंदर पाहिजे हे मला पटतं. वाढवणलाच आणि याच पद्धतीने, हे मला पटलेलं नाही. कारण डहाणूला १९९१ मध्ये एक शब्द दिला होता. लोकांनी त्यावर विसंबून बागा लावल्या, होड्या घेतल्या, घरं बांधली, माझ्या मावशींनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. तो शब्द बदलायचा असेल तर आधी त्या लोकांसमोर बसून, त्यांचं नुकसान त्यांच्याच हिशोबाने मोजून बदलायला हवा. उद्योग या शब्दाची व्याख्या हलवून नव्हे.

आणि बंदर झालं तरी एक काम उरतंच. १९९६ ला प्राधिकरण झालं तेव्हा वीजकेंद्र आधीच उभं होतं. तरीही मागे लागून धूर धुवायचं यंत्र बसलं. म्हणजे प्रकल्प आला की सगळं संपलं, असं डहाणूने कधी मानलं नाही. ना-हरकत अटींसह दिली आहे ना? मग त्या अटी पाळल्या जातात का, हे विचारणारी जागा राहिली पाहिजे. तारीख मिळाली पाहिजे, जाऊन बोलता आलं पाहिजे. आणि ते विचारण्यात आपण नाशिककरांनीही असायला हवं, कारण त्या रस्त्याचं एक टोक आपल्या जिल्ह्यात आहे.

जायचं असेल तर

आता थोडं कामाचं. रेल्वेने जाणार असाल तर मुंबईमार्गे, पश्चिम रेल्वेने. विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून लोकल जाते. बोर्डीसाठी त्यापुढचं घोलवड स्टेशन. गाडीने त्र्यंबक-जव्हार रस्ता सुंदर आहे, पण पावसाळ्यात धुकं असतं, रात्री घाट टाळा. जव्हारला चहाला थांबा. चिकू वर्षभर थोडाफार असतो, पण हिवाळ्यात जास्त. बोर्डीत चिकू फेस्टिव्हलही भरतो, तारीख आधी बघून घ्या. शक्यतो वाडीत, घरगुती ठिकाणी उतरा, पैसे गावात राहतात. मासे थेट बाजारातून घ्या आणि फार घासाघीस करू नका.

आणि एक करा. परत येताना चिंचणी-वरोरकडून एक चक्कर मारा. कुणाशी तरी बोला. नाशिकहून आलोय म्हणून सांगा. मला जे ऐकावं लागलं ते तुम्हालाही ऐकावं लागेल कदाचित. ऐकून घ्या.

तुमच्या घरात द्राक्ष, कांदा एक्स्पोर्टला जातो का? की तुमचं कुणी डहाणू-पालघरकडे आहे? दोन्हीकडच्या लोकांचे व्हॉइस नोट मला हवेत. पुढच्या भागात, परवानगी घेऊन, ते एकामागोमाग एक लावीन. माझे काका बोलायला तयार झालेत. बोर्डीच्या मावशी म्हणाल्या, "आधी तुझ्या काकांचं ऐकते, मग सांगते."

तोपर्यंत, काळजी घ्या. भेटू!